आवाज फाटू नये म्हणून

मोठ्याने बोलले म्हणजे अधिक लोकांना ऐकू जाते, ही गोष्ट आम्हां चळवळीतल्या माणसांच्या हाडीमासी भिनलेली असते. कारखान्याच्या फाटकासमोर किंवा तेंदूपत्त्याच्या फळीवर सभा घ्यायची, तर आवाज चढवावाच लागतो. भोंगा कुरकुरू लागला तरी शब्द कळतात आणि सभा पार पडते. सभा संपली की तो आवाज हवेत विरून जातो. तो कसा होता याचा हिशेब कोणी मागत नाही. परंतु आवाज साठवून ठेवायचा झाला की हा नियम उलटतो. ध्वनिमुद्रणात जे बिघडते, ते पुष्कळदा आवाज फार चढवून घेतल्यामुळे बिघडते. या बिघाडाला आपल्या बोलण्यात एक नेमका शब्द आहे: आवाज फाटणे. तो का फाटतो, आणि संगणकावर मुद्रण करताना तो फाटू नये म्हणून काय करावे, एवढाच या विवेचनाचा विषय आहे. आम्ही ध्वनिशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे येथे सांगतो ते पुस्तके वाचून आणि यंत्रे हाताळून शिकलेले आहे. म्हणूनच ते कोणालाही शिकता येईल, असा आमचा भरवसा आहे.

एवढ्याशा गोष्टीवर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यानमालांच्या इतिहासातच आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे १९०१ साली वारले. त्याच्या पुढच्याच वर्षी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले. त्या काळी माईक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि तान वर गेली की गायकाला मागे सरकावे लागे, नाही तर तबकडीवर ती जागा खरखरे. विजेच्या माईकने मुद्रण होऊ लागले ते १९२५ च्या सुमारास. म्हणजे आवाज फाटण्याची अडचण संगणकाने आणलेली नाही. ती ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. बदलले आहे ते एवढेच, की तेव्हा मुद्रण करणे कंपनीच्या हाती होते, आज ते आपल्या हाती आले आहे. म्हणून त्याची जबाबदारीही आपल्यावर आली आहे.

आता गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाचे उदाहरण घेऊ. तेथे महाशिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि तेथल्याच दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही माथा टेकवतात. भोवतालचा मुलूख झाडीपट्टीचा. इथली माणसे झाडीबोली बोलतात, गोंडी बोलतात. आणि १९७२ साली वसलेल्या नोर्ग्येलिंग वसाहतीत तिबेटी भाषाही नांदते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे, पावसाळ्यात चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्या बाया, बिड्या वळून वळून ज्यांची बोटे वाकली अशा आजीबाई, रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टी नाटकांतले गाणारे, दंडारीतले नाचे, हे सारे येथे आहेत. झाडीपट्टी रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील पुष्कळांना ही रंगभूमी आहे हे प्रथमच कळले. परंतु ज्यांना कोणतीही पदवी मिळणार नाही, अशांच्या तोंडची गाणी आणि हकिगती त्यांच्याबरोबरच जात आहेत. त्या उतरवून घेणे हे काम कोणा विद्यापीठाची वाट न पाहता गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी करण्यासारखे आहे.

हे काम होऊ शकते याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या तोंडून त्यांचा इतिहास ऐकून नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली त्याचा ग्रंथ केला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील पुष्कळशा बायांच्या आवाजात मुद्रितही केल्या. ओवी कागदावर लिहून घेतली तर शब्द राहतात. पण ती म्हणताना श्वास कोठे घेतला, कोणत्या शब्दावर आवाज कापला, हे केवळ मुद्रणातच राहते. तोच आवाज जर फाटका निघाला, तर ज्यासाठी मुद्रण केले ते प्रयोजनच गेले.

आता यंत्रात काय घडते ते पाहू. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार होय. माईकमधील पातळ पडदा त्या चढउताराबरोबर हलतो आणि त्या हालचालीतून विजेचा अत्यंत दुबळा चढउतार निर्माण होतो. तो व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढा असतो. त्याला पुरेसा मोठा करण्याचे काम वर्धक करतो. त्यानंतर दुसरे एक यंत्र त्या विजेच्या उंचीचे माप घेते आणि प्रत्येक माप आकड्याच्या रूपाने संगणकाला देते. ही मापे थोडीथोडकी नसतात. सीडीच्या पद्धतीने सेकंदाला ४४,१०० आणि चित्रपटाच्या पद्धतीने ४८,००० मापे घेतली जातात. प्रत्येक माप किती बारकाईने घ्यायचे हेही ठरलेले असते. १६ बिटांच्या मापात एकंदर ६५,५३६ पायऱ्या असतात. २४ बिटांच्या मापात त्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर जातात.

पायऱ्या कितीही असल्या तरी शेवटची पायरी ठरलेली असते. तिच्यावर आकडाच नाही. आवाजाची लाट त्या पायरीच्या वर गेली, तर संगणक ‘एवढेच’ म्हणून शेवटचा आकडा लिहितो. पुढचे माप आणखी मोठे असले तरी पुन्हा तोच आकडा. परिणामी लाटेचा गोलसर माथा सपाट होतो, जणू कोणी विळ्याने छाटून टाकला. ह्या सपाट माथ्यातून मूळ आवाजात नसलेले नवे, कर्कश स्वर उत्पन्न होतात. कानाला जी चरचर ऐकू येते ती हीच.

आमच्या बिडी कामगारांना ‘छाट’ हा शब्द नव्याने सांगायला नको. ठेकेदार बिड्या तपासतो, काही बाजूला काढतो आणि त्यांची मजुरी देत नाही. त्याला छाट म्हणतात. परंतु छाटीच्या वादाचा निवाडा व्हावा म्हणून १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यात तरतूद तरी केली होती. संगणकाने केलेल्या छाटीवर अपील नाही. जे माथे गेले त्यांची नोंदच कोठे झालेली नसते, मग ते परत आणणार कोठून? फाटलेला आवाज दुरुस्त करणाऱ्या आज्ञावली निघाल्या आहेत. त्या दोन्ही बाजूंच्या लाटेवरून मधला माथा कसा असावा याचा अंदाज बांधतात. थोडे फाटले असेल तर कानाची सोय होते. पण तो अंदाज आहे, बोलणाऱ्याचा आवाज नव्हे.

उलट बाजूचा विचार करा. आवाज थोडा हळू मुद्रित झाला तर काय बिघडते? मागाहून संगणकावर तो हवा तेवढा चढवता येतो. त्याबरोबर मागची बारीक सरसरही चढते, हे खरे. परंतु २४ बिटांत मुद्रण केले असेल तर साध्या बोलण्याच्या बाबतीत ती भीती फारशी उरत नाही. म्हणून सारे शास्त्र एका वाक्यात सांगायचे तर असे: हळू मुद्रित झालेला आवाज चढवता येतो, फाटलेला आवाज सांधता येत नाही. तेव्हा चूक व्हायचीच असेल तर ती हळूच्या बाजूने होऊ द्यावी.

संगणकाच्या पडद्यावर आवाजाची जी पट्टी हलताना दिसते तिचे माप डेसिबलमध्ये असते. ते नवख्याला उलटे वाटते. शून्य हा आकडा सर्वांत वर असतो आणि खाली उणे सहा, उणे बारा, उणे वीस असे आकडे येतात. येथे शून्य म्हणजे शांतता नव्हे, तीच शेवटची पायरी. उणे सहा म्हणजे लाटेची उंची कमाल मर्यादेच्या निम्मी, उणे बारा म्हणजे चौथाई, उणे वीस म्हणजे दहावा हिस्सा. साध्या बोलण्याची पट्टी सरासरीने उणे वीसच्या आसपास हलावी, जोराचे शब्द उणे बारापर्यंत यावेत आणि हसणे, खोकणे, हाक मारणे यांनीही उणे सहाची रेघ शक्यतो ओलांडू नये, असा बेत ठेवावा. पट्टीचा वरचा भाग रिकामा दिसतो म्हणून हळहळू नये. तलावाचा बांध पाण्याच्या नेहमीच्या पातळीहून उंच ठेवतात तो उगाच नव्हे. एका रात्रीच्या मुसळधार पावसासाठी ती जागा सोडलेली असते.

तलावाचा दाखला आम्ही मुद्दाम दिला. प्रतापगडाच्या मुलखात नवेगावबांधचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. तलावातून पाणी पाटात येते, पाटातून बांधीत येते. पाणी तलावाच्या सांडव्यावरूनच वाहून गेले, तर बांधीच्या तोंडाशी कितीही माती सरकवली तरी ते परत येईल काय? आवाजाचेही असेच टप्पे असतात: पहिला माईक, दुसरा वर्धक, तिसरे माप घेणारे यंत्र आणि चौथी मुद्रणाची आज्ञावली. प्रत्येक टप्प्यावर पातळी कमीजास्त करण्याची सोय असू शकते. पहिल्या टप्प्यावर फाटलेला आवाज चौथ्या टप्प्यावर कमी केला, तर तो हळू होतो, पण फाटकाच राहतो. पट्टी उणे वीसवर आहे, तरी आवाज चरचरतो आहे, असे आढळले की समजावे, पाणी वरच्या बांधावरून गेले आहे. म्हणून पातळी जुळवणे नेहमी माईकच्या बाजूने सुरू करावे आणि मग पुढे यावे.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. एखाद्या आजीबाईची हकिगत घ्यायची आहे असे समजा. प्रथम माईक त्यांच्या तोंडापासून एक ते दीड वीत अंतरावर, समोर न धरता किंचित बाजूला ठेवावा. समोर धरला तर ‘फ’, ‘भ’, ‘प’ म्हणताना तोंडातून सुटणारा वारा पडद्यावर आदळतो आणि धप् असा आवाज येतो. अंतराचे महत्त्व मोठे आहे. उघड्या जागी अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने चढतो, म्हणजे लाट दुप्पट होते. म्हणून बोलताना कोणी माईककडे झुकत असेल तर त्यांना सुखाने टेकून बसता येईल अशी जागा द्यावी.

मग संगणकाच्या सेटिंग्जमध्ये जावे. विंडोज पद्धतीच्या संगणकात साउंड या सदराखाली आपला माईक निवडला की त्याची पातळी शून्य ते शंभर अशी दाखवलेली असते. पुष्कळ संगणकांत तेथेच ‘मायक्रोफोन बूस्ट’ नावाची आणखी एक पट्टी असते आणि ती दहा, वीस, तीस डेसिबलच्या उड्या घेते. वीस डेसिबल म्हणजे लाट दहापट. फाटक्या आवाजाचे मूळ पुष्कळदा या बूस्टमध्येच असते. ती पट्टी आधी शून्यावर आणावी, पातळी निम्म्याच्या आसपास ठेवावी, आणि गरज पडली तरच एकेक पायरी वाढवावी. ऑडॅसिटीसारखी फुकट मिळणारी आज्ञावली उघडून तिच्या पट्टीकडे पाहत हे करावे.

पातळी पाहताना बोलणाऱ्याला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगू नये. आकडे म्हणताना माणूस दबकून बोलतो, आणि हकिगत रंगली की त्याचा आवाज कितीतरी वर जातो. त्याऐवजी म्हणावे, “माय, पलीकडच्या बांधीतल्या माणसाला कशी हाक मारत होता, तशी मारा बघू.” ती हाक उणे सहाच्या खाली राहिली, तर पुढच्या तासाभराची काळजी मिटली. गाणे घ्यायचे असेल तर त्यातली सर्वांत वरची ओळ आधी म्हणवून घ्यावी. झाडीपट्टीच्या नाटकात गाणाऱ्यांचा आवाज उंच पट्टीत चढतो. त्यांच्यासाठी आणखी मोकळी जागा सोडावी. त्यानंतर अर्धा मिनीट मुद्रण करून कानाला हेडफोन लावून ऐकावे. पट्टी डोळ्यांना फसवील, कान फसणार नाहीत. चरचर ऐकू आली नाही, तरच पुढे जावे.

येथे दोन सापळे सांगितले पाहिजेत. पहिला सापळा आपोआप पातळी जुळवणाऱ्या सोयीचा. पुष्कळ संगणक आणि फोन आवाज हळू झाला की स्वतःच पातळी वाढवतात आणि मोठा झाला की घटवतात. निरोप पाठवण्यापुरते हे ठीक आहे. परंतु हकिगत सांगताना माणूस थांबतो, आठवतो, त्याचा गळा दाटतो. त्या शांततेत यंत्र पातळी चढवते आणि पंख्याची घरघर वर येते. मग पहिलाच शब्द एकदम आदळतो आणि तो फाटण्याचा संभव असतो. गोंगाट घालवण्याची आपोआप चालणारी सोयही कधी शब्दांच्या कडा खाऊन टाकते. ज्या यंत्रात या सोयी बंद करता येतात तेथे त्या बंद कराव्यात आणि गोंगाट घालवायचा तर पंखा बंद करून, खिडकी लावून घालवावा.

दुसरा सापळा व्याख्याने मुद्रित करणाऱ्यांसाठी आहे. सभेच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून एक वायर घेऊन ती लॅपटॉपच्या माईकच्या भोकात खुपसली जाते. सोय उत्तम दिसते, आणि मुद्रण हटकून फाटते. कारण असे की त्या वायरीतून येणारी वीज आधीच मोठी केलेली असते. ती एक व्होल्टच्या आसपास असू शकते, तर माईकचे भोक व्होल्टच्या काही हजारांश भागांसाठी केलेले असते. शेकडो पट मोठे पाणी पहिल्याच बांधावर येऊन आदळते. संगणकातील पट्टी कितीही खाली ओढली तरी उपयोग नाही, हे तलावाच्या दाखल्यावरून कळेलच. उपाय दोन. लाइन-इन असे वेगळे भोक असलेले, यूएसबीला जोडायचे छोटे यंत्र घ्यावे. किंवा ती वीज कमी करणारा अटेन्युएटर वायरीच्या मध्ये जोडावा. दोन्ही जमले नाही, तर व्याख्यात्यासमोर आपला स्वतंत्र माईक ठेवावा.

आणखी एक गोष्ट. अलीकडे ३२ बिटांच्या विशेष पद्धतीने मुद्रण करणारी यंत्रे निघाली आहेत, आणि त्यांना पातळी जुळवावीच लागत नाही असे म्हणतात. त्यांच्या आकड्यांना व्यवहारात शेवटची पायरी नसते, हे खरे. परंतु माईकचा पडदा आणि वर्धक यांची मर्यादा त्यांनाही चुकलेली नाही. वरचा बांध फुटला तर खालचा पाट कितीही रुंद असून काय उपयोग? तेव्हा यंत्र महाग असो वा स्वस्त, माईकचे अंतर आणि पहिल्या टप्प्याची पातळी पाहण्यावाचून सुटका नाही.

मुद्रण झाल्यावर मूळ नोंद वेव्ह प्रकारात जशीच्या तशी जतन करावी. आवाज चढवणे, काटछाट करणे हे सारे तिच्या प्रतीवर करावे. २४ बिटांत, सेकंदाला ४८,००० मापांनी, एका माईकचे तासभराचे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते. आजच्या साठवणीच्या मानाने ही जागा काही फार नव्हे. एक प्रत घरी ठेवावी, दुसरी गावच्या वाचनालयात द्यावी, आणि सोबत बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख व त्याची संमती लिहून ठेवावी.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की यात तांत्रिक तपशीलच फार. परंतु त्या तपशिलामागे एक साधे कारण आहे. बिडीच्या मजुरीसाठी केलेल्या संपात चूल कशी पेटवली हे सांगणारी बाई ती गोष्ट सांगताना एकदाच रडते. “माय, जरा मशीन बिघडली होती, पुन्हा सांगा,” असे म्हटले तर ती पुन्हा सांगेलही. पण ती दुसरी हकिगत असते, पहिली नव्हे. कदाचित पुन्हा सांगायला ती पुढच्या वर्षी असणारही नाही. ज्यांचे बोलणे आजवर कोणी ऐकून घेतले नाही त्यांच्यापुढे माईक ठेवायचा, तर तो ठेवण्यापूर्वी दोन मिनिटे पट्टीकडे पाहणे, एक हाक मारवून घेणे आणि कानाला हेडफोन लावणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे. त्याला पैसा लागत नाही. त्या माणसाविषयी आदर असला म्हणजे ते होते.